दुसऱ्या नंबरचा दर

"ताई, पहिला कोण?"

निविदा उघडल्या की थोड्याच वेळात ते माझ्या टेबलासमोर येत आणि हेच विचारत. उभ्यानंच. हातातली कापडी पिशवी खुर्चीवर ठेवायची, स्वतः मात्र बसायचं नाही. 'माझं काय झालं?' हे त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यांचं काय झालं असणार ते त्यांनाही ठाऊक असे, मलाही. ते दुसरे आलेले असत.

तुमचा कचेरीशी संबंध आला असेल तर पुढचं सांगायला नको. नसेल तर थोडक्यात सांगते. कुठलंही काम द्यायचं असलं की दर मागवतात. सगळ्यांत कमी दर ज्याचा, तो एल-वन. काम त्याला. त्याच्या वरचा तो एल-टू. त्याला काहीच नाही. नागपूरच्या कडेला असलेल्या एका नगर परिषदेत मी निविदांच्या टेबलावर नोकरीची बहुतेक वर्षं काढली. परिषदेचं नाव घेत नाही, आणि या माणसाचंही नाही. आमच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे 'एल-टू भाऊ' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा फोनवर त्यांनीच सांगितलं, "ताई, मी एल-टू बोलून राहिलो." हसावं की नाही, मला कळेना.

पुढे सगळं ऑनलाइन झालं. घरबसल्या कॉम्प्युटरवर निकाल दिसायला लागला. तरी ते येतच राहिले. मी म्हटलं, "भाऊ, आता कशाला उन्हातान्हाचं येता? पडद्यावर दिसतं की सगळं."

"पडद्यावर आकडा दिसते, ताई. माणूस नाही दिसत. पहिला कोण आला ते समजलं तं बायायचं पुढं काय होणार ते समजते."

या बाया म्हणजे दवाखान्यातल्या सफाईच्या बाया. त्यांची आणि भाऊंची गाठ पडली ती लग्नाच्या मांडवात. नागपुरात महाल भागात त्यांचं बिछायत केंद्र होतं. गाद्या, चादरी, शामियाना, गंजं-पातेली भाड्यानं द्यायचे. आपण पंगतीत जेवतो, पान खाऊन घरी जातो. त्या वेळी मांडवाच्या मागे चार बाया ओल्या लुगड्यानं डोंगराएवढी भांडी घासत असतात, तिकडे आपलं लक्ष जात नाही. भाऊंचं जायचं, कारण भांडी त्यांची होती. या बायांना ते कामं मिळवून देत. पण लग्नसराई सरली की बाया रिकाम्या. म्हणून त्यांनी आमच्या परिषदेच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं सफाईचं काम भरलं. त्या वर्षी बाकीच्यांचे कागद अपुरे निघाले आणि ते काम त्यांना मिळून गेलं. बाया दवाखान्यात लागल्या.

मुदत संपली, नवा कंत्राटदार आला. बाया त्याच राहिल्या. त्यानंतर आणखी एक आला. बाया त्याच. नव्या माणसाला आयत्या कामवाल्या मिळत आणि बायांना दर खेपेला आधीपेक्षा थोडा कमी पगार.

भाऊ दरवेळी निविदा भरत आणि दरवेळी वर राहत. मला वाईट वाटे. एकदा न राहवून म्हटलं, "थोडा दर खाली आणा ना."

"कुठून आणू?" ते म्हणाले. "फिनाइलचा भाव कंपनी ठरवते. झाडूचा भाव इतवारीचा बाजार ठरवते. राहिल्या बाया. त्यायच्यातूनच कापा लागते न. पूर्ण पगार, पीएफ, हातमोजे, आठवड्याची सुट्टी, एवढं धरलं का माझा रेट वर जाते. नाही धरलं का खाली येते. यात माझी काहीच कलाकारी नाही."

निविदेच्या आधी एक बैठक असते. कंत्राटदारांनी शंका विचारायच्या, आम्ही उत्तरं द्यायची. सगळ्यांच्या शंका अनामत रक्कम, दंड, मुदत यांच्या. एका बैठकीत भाऊ उठले आणि म्हणाले, "साहेब, बायायले डबा खायाले जागा कुठं हाय?"

खोलीत हशा पिकला. साहेबांना प्रश्नच कळला नाही. भाऊंनी पुन्हा सांगितलं, "त्या संडासाच्या बाजूच्या बोळात बसून खाते, साहेब. मी पाह्यलं. जो कोणी पहिला येईन त्यानं त्यायले कुठं बसवावं, तेवढं लिहून टाका." बैठकीचा वृत्तांत मीच लिहिला. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्या ओळीपुढे लिहिलं: प्रश्न निविदेशी संबंधित नाही.

पुढच्या बैठकीत त्यांनी तोच प्रश्न विचारला. त्याच्या पुढच्याही. लोकांनी हसणं सोडलं आणि मोबाइल पाहू लागले. मी तेच उत्तर लिहीत गेले. माणसाला कशाचीही सवय होते.

मग आमच्याकडे मुख्याधिकारी म्हणून एक तरुण मॅडम आल्या. दवाखान्याची पाहणी करायला गेल्या आणि नेमक्या दुपारच्या वेळेला त्या बोळात शिरल्या. परत आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. "ह्या बायकांच्या बसण्याची जबाबदारी कोणाची?" मी जुने वृत्तांत काढून दाखवले. त्यांनी एकामागून एक वाचले. "हा प्रश्न दरवेळी विचारणारा माणूस कोण?" त्यांनी विचारलं. मी भाऊंचं नाव सांगितलं, पण मॅडमनी त्यांना भेटायला बोलावलं नाही. निविदा भरणाऱ्याला आधी भेटणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं.

पुढची निविदा त्यांनी वेगळी काढली. नुसता कमी दर पाहायचा नाही. दराला काही गुण, आणि उरलेले गुण कामगारांना तुम्ही कसं वागवता याला: पगार बँकेत जातो का, पीएफ भरता का, गावातल्या बायांना काम देता का, हातमोजे-बूट देता का, बसायची सोय करणार का. लेखा विभागाचे साहेब घाबरले. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला टेकला होता.

"मॅडम, कमी दर सोडून जास्त दर का घेतला, असं ऑडिटवाले मला विचारतील. बायांना पंख्याखाली बसवलं म्हणून, असं लिहू?"

"तसंच लिहा," मॅडम म्हणाल्या.

निकाल लागला त्या दिवशी भाऊ नेहमीसारखे आले. पिशवी खुर्चीवर ठेवली. "ताई, पहिला कोण?"

"तुम्ही."

त्यांनी पिशवी उचलून खाली ठेवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्चीवर बसले. "मजाक करून राहिल्या काय?" मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग काळजीच्या आवाजात विचारलं, "मंग दुसरा कोण आला? त्याले वाईट वाटत असन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, आणली. लेखा विभागाच्या साहेबांनी "ही लाच तर नाही ना?" असं म्हणत दोन खाल्ल्या.

त्यानंतरचा काळ त्या दवाखान्याचा बरा गेला. चमत्कार काही झाला नाही. फरशा तेवढ्याच जुन्या होत्या, नळ तेवढेच गळत होते. पण जुनं सामान ठेवायची एक खोली रिकामी करून भाऊंनी तिथं पंखा लावून घेतला आणि आपल्या बिछायतीतल्या सतरंज्या टाकल्या. बाया तिथं बसून जेवू लागल्या. आजारी पडलेल्या बाईचा पगार कापला जात नव्हता, त्यामुळे ताप लपवून कोणी कामावर येत नव्हतं. बाळंतिणींच्या नातेवाइकांच्या तक्रारी कमी झाल्या. आमच्या ऑफिसात याबद्दल कोणी काही बोललं नाही. तक्रारी आल्या की बोलतात, थांबल्या की नाही.

मग शेवंताचं ते झालं. शेवंता भाऊंच्या सगळ्यांत जुन्या बायांपैकी, मांडवातल्या भांड्यांपासूनची. कचऱ्याची थैली उचलताना आतली वापरलेली सुई तिच्या तळव्यात घुसली. हातात हातमोजा होता, सुई त्यातून गेली. भाऊ तिला स्कूटरवर बसवून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. कोणाची सुई होती ते कळायला मार्ग नव्हता. औषधं सुरू झाली आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासायला यायला सांगितलं.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी ते माझ्याकडे आले. पहिल्यांदाच त्यांना इतकं थकलेलं पाहिलं. दोन्ही हात टेबलावर टेकून उभे होते.

"ताई, आपण अटीत सगळं लिहिलं. सुईचं काहूनच नाही लिहिलं?"

मी म्हटलं, "सुया वेगळ्या डब्यात टाकायचं काम दवाखान्याचं असतं, भाऊ. तुमची चूक नाही."

"मीच आणलं न तिले. भांडे घासत होती, बरी होती. तिचा नवरा मले काहीच बोलला नाही. बोलला असता तं बरं वाटलं असतं."

ते रोज सकाळी दवाखान्यातल्या मुख्य डॉक्टरांच्या दारात जाऊन बसू लागले. भांडले नाहीत. डॉक्टर येताना-जाताना उठून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "साहेब, ते सुईचे डबे." डॉक्टर म्हणायचे, तरतूद नाही. हे म्हणायचे, बरं साहेब, आणि पुन्हा बसायचे. शेवटी डॉक्टरांना त्या नमस्काराचाच कंटाळा आला असावा. प्रत्येक वॉर्डात डबे आले. शेवंताच्या तपासण्या चालू राहिल्या. शेवटची चांगली आल्याचा निरोप आला त्या दिवशी भाऊ ऑफिसात आले, पाणी मागून प्यायले आणि निघून गेले.

कंत्राटाची मुदत संपता संपता मॅडमची बदली झाली. सरकारी माणसाची होतेच, त्यात कोणाचा कट वगैरे नव्हता. ऑडिटची शंका मात्र आली होती: कमी दर उपलब्ध असताना जादा खर्च का केला? नव्या साहेबांनी ती वाचली आणि मला म्हणाले, "मॅडम, आपण जुन्या पद्धतीनंच जाऊ. डोक्याला ताप नको." मी जुना नमुना काढला, तारखा बदलल्या आणि पाठवून दिला. डोक्याला ताप तेव्हा मलाही नकोच होता.

भाऊ दुसरे आले. पहिला आला तो बाहेरच्या जिल्ह्यातला मोठा ठेकेदार. तो स्वतः कधी दिसलाच नाही. त्याचा एक सुपरवायझर आला, विशीतला, कानात इअरफोन.

मला वाटलं होतं, या वेळी भाऊ चिडतील. ते त्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेले. मीही कामाचा ताबा देण्याचे कागद घेऊन तिथं होते, म्हणून पाहिलं. एकेका बाईजवळ थांबून ते सांगत होते, "ही शेवंता. हिले सुयायचा वॉर्ड देऊ नका. अन् ही दुसरी, हिचं लेकरू लहान हाय, सकाळची पाळी हिले जमत नाही. अन् ह्या मावशीले ब्लिचिंगनं दम लागते, हिले बाहेरचं अंगण द्या." मुलगा मान हलवत होता. अर्ध्यावर आल्यावर तो म्हणाला, "काका, आम्ही हजेरी बघून घेऊ सगळं. टेन्शन नका घेऊ."

"बरं," भाऊ म्हणाले. तरी उरलेल्या बायांजवळही थांबलेच. आवाज तेवढा लहान झाला होता.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पगार खाली आले, हातमोजे महिन्यातून एक जोडी, मग तेही नाही. पंख्याच्या खोलीत ठेकेदाराचं सामान आलं. भाऊंनी आपल्या सतरंज्या परत नेल्या नाहीत, त्या कुठं गेल्या कोण जाणे. दोन-तीन बाया काम सोडून गेल्या. बाकीच्या राहिल्या. शेवंताही राहिली. कुठं जाणार?

भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं तेव्हा गाद्या सांगायला मी महालात त्यांच्या दुकानात गेले. मे महिना होता. ते गाद्यांच्या थप्पीला टेकून बसले होते, पाय सुजलेले. किडनीचा त्रास निघाला होता, एक दिवसाआड दवाखाना. मुलगा दुकान पाहत होता. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. साक्षगंध धरमपेठेत, मोठ्या लोकांच्या वस्तीत आहे म्हटल्यावर मुलाला म्हणाले, "ताईले नव्या चादरी दे गा. त्या फुलाच्या नको देऊ, कोऱ्या पांढऱ्या दे." मग मला विचारलं, "यंदाची निविदा कधी निघते?"

मला खरंच राग आला. "भाऊ, आता तरी सोडा. तुम्हाला काम मिळत नाही, मिळणार नाही. अनामत अडकते, ही धावपळ होते. काहून भरता दरवर्षी?"

ते गाद्यांवरची धूळ हातानं झटकत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी नाही भरलं तं तुमच्या साहेबाले कोणता रेट दिसन? जो कमी हाय तोच. त्याले वाटन, एवढ्यातच होते हे काम. माझा एक रेट बाजूले असला का निदान कोणी विचारन, याचा जास्त काहून? विचारलं तं सांगता येते."

"कोणी विचारतं का?"

"नाही विचारत," ते म्हणाले. "पण लिहून तं असते न."

मुलानं चहा आणला. त्यांना चहा मोजका होता, तरी त्यांनी माझ्यासोबत दोन घोट घेतले. मी गाद्या, चादरी सांगितल्या आणि निघाले. साक्षगंधाला ते येणार होते. आले नाहीत, पण चादरी खरंच नव्या पाठवल्या होत्या.

निविदा निघायच्या आधीच ते गेले. मी तेरवीला गेले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता, त्यात रबरी चपलाच जास्त. दवाखान्यातल्या बाया पाळी बदलून बदलून येत होत्या. भाऊंच्या पत्नी मला म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसचं लय सांगत होते." काय सांगत होते, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

त्या वर्षीच्या निविदा उघडल्या. चार दर आले. चारही एकमेकांना लागून, चारही इतके खाली की त्यात बाईचा कायद्यानं ठरलेला पगारसुद्धा बसला नसता. साहेबांनी पडद्यावर नजर टाकली आणि समाधानानं म्हणाले, "या वेळी छान आहे. सगळ्यांचे दर जवळजवळ आहेत. म्हणजे रेट बरोबर आहे."

मी निकाल छापला. दुपारभर टेबलाशी कोणी आलं नाही.

काही दिवसांनी शेवंता आली. सोबत दोघी होत्या, एक तिच्याच वयाची, एक अगदी तरुण. पहिल्यांदाच या ऑफिसात आल्या असाव्यात. भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे काम आमालेच भरता येते काय?"

"येतं की. आधी तुमची संस्था नोंदवावी लागेल. मग बँकेत खातं, पॅनकार्ड. आणि अशा कामाचा अनुभव असल्याचा दाखला लागतो."

"अनुभव तं हाय."

"तुमचा नाही. संस्थेचा लागतो."

शेवंता माझ्याकडे पाहत राहिली. थट्टा करते आहे असं तिला वाटलं असावं. "संस्था झाडू मारते काय?"

मी म्हटलं, महिलांच्या संस्थांना कधी कधी या अटीत सूट देतात. अर्ज करावा लागतो, सभेपुढे ठेवावा लागतो, वेळ लागतो, होईलच असं नाही. हे सगळं सांगता सांगता माझाच आवाज मला कंटाळवाणा वाटायला लागला. तरुण पोरगी मात्र एकेक कागद बोटांवर घेत होती. खातं, पॅनकार्ड, नोंदणी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"नाव भाऊचं देऊ वं संस्थेले," दुसरी बाई म्हणाली.

"नको वं," शेवंता म्हणाली. "भाऊच्या नावानं भरलं तं पुन्हा दुसराच नंबर यीन."

तिघी पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसले. मग शेवंतानं त्याच पदरानं डोळे पुसले आणि दुपारची पाळी आहे म्हणून निघाली.

त्यानंतरच्या निविदेत त्यांचा अर्ज आला नाही. या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात टेबल आवरत होते, तेव्हा दारातून शेवंता म्हणाली, "मॅडम, नोंदणी झाली." मी फोनवर होते, हातानं थांब म्हटलं. फोन ठेवून बाहेर आले तोवर ती पाळीवर निघून गेली होती. नाव काय ठेवलं, ते विचारायचं राहून गेलं.